वारशाची पाटी

१९९१ च्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांसाठी इंग्लंडातील शेफील्ड नगराने डॉन व्हॅली क्रीडांगण उभारले. तेथे सराव करणाऱ्या जेसिका एनिसने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक पटकाविले. आणि पुढच्याच वर्षी नगरपालिकेने काटकसरीस्तव त्या क्रीडांगणास टाळे ठोकले, मग ते जमीनदोस्तही झाले. आज त्या जागेस नाव आहे ‘ऑलिंपिक वारसा उद्यान’! २०१७ साली लंडनमध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा मोठ्या थाटाने भरली. तिजोरीत खडखडाट होता, हे आम्ही मान्य करू. परंतु काटकसरीची कुऱ्हाड सरावाच्या मैदानावरच का कोसळावी? वारसा पाटीत नसतो. सोहळा सरल्यावर कोणाही पोरास मोकळ्या असणाऱ्या धावपट्टीत असतो. बियाणे दळून खाणाऱ्यांनी पुढील सुगीच्या गोष्टी सांगू नयेत.