घोलवडच्या झाडाला वय नाही

डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या मागच्या अंगणात साठ वर्षांचे चिकूचे झाड असेल, तर त्याला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचा दरवाजा ठोठावावा लागतो. राज्याने २०२१ मध्ये नागरी भागातल्या वृक्षसंरक्षणाचा कायदा दुरुस्त केला. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला त्यात ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटले. असे झाड तोडायचेच झाले, तर त्याचे वय जितके असेल तितकी नवी झाडे लावायची. हा नियम ठाण्यात आहे, कल्याणात आहे. डहाणू तालुक्यातल्या घोलवडमध्ये नाही. बोर्डीत नाही. तिथे ग्रामपंचायत आहे आणि कायदा शहरांचा आहे.

खेड्यांसाठी वेगळा कायदा आहे, १९६४ चा. त्याला जोडलेल्या अनुसूचीत जी झाडे आहेत, ती खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, खैर, मोह, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, चिंच अशी ती यादी आहे. तिच्यात चिकू नाही. चिंच मूळची आफ्रिकेतली, तरी ती यादीत आहे. तेव्हा झाड बाहेरून आले म्हणून ते वगळले, असेही म्हणता येत नाही. चिकूचा कोणी विचारच केला नाही, एवढेच त्यातून दिसते. साठ वर्षांत त्याचे नाव तिच्यात आलेले नाही.

याच चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाला आज कायद्याचे संरक्षण आहे. घोलवडच्या मातीत चुना जास्त, त्यातून या फळाला वेगळी गोडी येते, हे सरकारी दप्तरात नोंदले गेले आहे. २०२१ च्या मे महिन्यात या मानांकनाखाली चिकूची खेप ब्रिटनला गेली, तेव्हा केंद्र सरकारने प्रसिद्धिपत्रक काढले. पालघर जिल्ह्यात सुमारे पाच हजार हेक्टरवर चिकू आहे, हा आकडाही त्यातलाच. दुसऱ्या गावचे फळ कोणी घोलवडचे म्हणून विकले तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. घोलवडमधली शंभर वर्षांची वाडी कोणी एका आठवड्यात आडवी केली तर त्याला विचारणारे कोणी नाही. फळाचे नाव राखले आणि फळ ज्याच्यावर लागते ते झाड मोकळे सोडले. याला वारसा जपणे म्हणत नाहीत.

या वाड्या कोणी लावल्या, हे डहाणू पट्ट्यात कोणालाही विचारावे. इराणी लोकांनी, असेच उत्तर येईल. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमान भागातून जरथुष्ट्री कुटुंबे इकडे आली. मायदेशी धर्मामुळे जाच होता. १८८२ पर्यंत त्यांना जिझिया भरावा लागत होता. त्याच सुमारास मोठा दुष्काळही पडून गेला होता. मुंबईत गेले त्यांनी चहाची दुकाने थाटली. त्या हॉटेलांवर पुस्तके निघाली, छायाचित्रांची प्रदर्शने भरली, एखादे बंद होणार म्हटले की वर्तमानपत्रे हळहळतात. जे डहाणू, घोलवड, बोर्डीला उतरले त्यांनी जमीन धरली आणि झाडे लावली. त्या झाडांसाठी एवढी हळहळ कधी ऐकू येत नाही.

झाडही त्यांच्यासारखेच दूरचे. चिकूचे मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. त्याच्या खोडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंग गम बनत असे. फळबागशास्त्राची पुस्तके महाराष्ट्रातल्या चिकू लागवडीची सुरुवात १८९८ सालची आणि घोलवडची सांगतात. त्याचे कलम बांधतात ते खिरणीच्या खुंटावर. खिरणी इथली, सावकाश वाढणारी, उन्हाला आणि दुष्काळाला न हटणारी. वर मेक्सिकोचे झाड, खाली इथले मूळ, आणि लावणारा इराणचा. शंभर वर्षे एका जागी उभे राहिलेले असे जिवंत दस्तऐवज जुन्या ठाणे जिल्ह्यात दुसरे किती आहेत?

लावणारे हात मात्र फक्त इराणी नव्हते. खड्डे खणले, पाणी घातले, वर चढून फळे उतरवली ती वारल्यांनी. वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये वारली उठले ते याच पट्ट्यात, तलासरी, उंबरगाव, डहाणूत. ज्यांच्याविरुद्ध उठले त्या जमीनदारांत बागायतदारही होते. वाडीचा इतिहास सांगायचा तर हे गाळून सांगता येणार नाही. आणि याच कारणाने वाडी राहायला हवी. ती गेली की मालकाच्या कुटुंबाकडे निदान फोटो आणि कागद उरतील. वारल्यांच्या पिढ्यांनी जिथे घाम गाळला त्याची तेवढीही खूण उरणार नाही.

कोणी म्हणेल, डहाणू तर संरक्षित आहे. खरे आहे. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. फळबागा आराखड्यात दाखवा आणि त्यांचा जमीनवापर बदलू नका, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. औष्णिक वीज प्रकल्पाविरुद्धच्या ज्या लढ्यातून ही अधिसूचना आली, त्यात नर्गिस इराणी आघाडीवर होत्या. बाहेरून आलेल्या समाजातल्या एका बागायतदार बाईने आपल्या वाडीबरोबर सगळ्या तालुक्याचीच बाजू लढवली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तालुक्याच्या पर्यावरणरक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत वारले तोवर त्याचे अध्यक्ष होते. त्यांनी ते नुसते कागदावर राहू दिले नाही. या सगळ्याचे मोल मोठे आहे.

पण अधिसूचना जमिनीबद्दल बोलते, झाडाबद्दल नाही. जुनी झाडे तोडून तिथे गवत ठेवले तरी कागदावर ती जमीन शेतीचीच राहते. सातबाऱ्यावर चिकू लागतो तो पीक म्हणून. किती क्षेत्र, एवढे तिथे लिहितात. कलम कधी बांधले, कोणी लावले, हे लिहायला रकाना नाही. भूसंपादन आले की मात्र झाड एकदम सरकारच्या नजरेत भरते. २०१३ च्या कायद्याच्या कलम २९ प्रमाणे जाणकार बोलावून झाडाची किंमत काढतात. म्हणजे चिकूच्या झाडाची दखल घेतली जाते ती ते जाणार हे ठरल्यावर. बुलेट ट्रेन, मालवाहू रेल्वेमार्ग, द्रुतगती महामार्ग, सगळे या जिल्ह्यातून जातात. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. अशा वेळी ज्याची नोंद नाही ते आधी जाते.

वाडीमालकाला दोष देऊन हात झटकता येणार नाहीत. बी पोखरणारी अळी आहे, पावसाळ्यात बुरशीने फळगळ होते. जुने झाड उंच, त्यावरून फळ उतरवायला माणूस मिळत नाही. मुले परदेशी, वाटण्या झालेल्या. अशा माणसाला नुसता मनाईचा हुकूम देणे अन्याय आहे. १९६४ च्या यादीत चिकूचे नाव घुसवले तर तो नवी कलमे लावायलाही घाबरेल. तो मार्ग नकोच.

दुसरा मार्ग हाताशी आहे. जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून वारसा स्थळ जाहीर करू शकते. त्यासाठी घनदाट जंगलच लागते असे नाही. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला महाराष्ट्राने २०२० मध्ये हा दर्जा दिला, आणि ते माणसाने लावलेले उद्यान आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे कोणी पाहत नाही. अशा अधिसूचनेने ज्यांचे आर्थिक नुकसान होईल, त्यांना भरपाई देण्याची योजना राज्याने करायची आहे. गणेशखिंड सरकारी जागा होती, म्हणून तिथे हा प्रश्न आला नाही. खासगी वाडीत तो पहिल्या दिवशी येईल. पुढाकार घेणाऱ्या मालकांना जुन्या झाडामागे वार्षिक रक्कम, उतरवणीच्या मजुरीला हातभार, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या वारली कुटुंबांना त्या देखभालीचे पक्के काम, एवढे त्या योजनेत बसते. पाच हजार हेक्टर राखा असे कोणी म्हणत नाही. घोलवड, बोर्डी, डहाणूतल्या सर्वांत जुन्या मोजक्या वाड्या, मालकाच्या संमतीने.

सुरुवात मंत्रालयातून व्हायची गरज नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावी, असे कायदाच सांगतो. त्या वहीत घोलवड आणि बोर्डीच्या समित्यांनी वाडीवार नोंद करावी. कलम कधी लागले, कोणाच्या हातचे, झाडे किती उरली. हे सांगू शकणारी म्हातारी माणसे, इराणी आणि वारली दोन्ही, आज तिथे आहेत. राज्य जैवविविधता मंडळाने माणूस पाठवावा आणि हे काम त्यांच्या हयातीत उरकावे.