‘डॉक्टर, हिचा फुटबॉल बंद करू का?’

२० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला फुटबॉल संघाने इराणशी ०-० अशी बरोबरी केली. महिलांचा आशिया कप आपल्या दारात आला होता. स्पर्धेचे काही सामने तर आपल्या अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात झाले. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध मात्र भारताला मैदानात उतरताच आलं नाही. ओमायक्रॉनची लाट होती, संघात कोरोना शिरला आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. २०२३ च्या विश्वचषकाची वाटही याच स्पर्धेतून जात होती.

त्या संघाची मिडफिल्डर इंदुमती कथिरेसन २०२० च्या लॉकडाउनमध्ये चेन्नईत पोलीस उपनिरीक्षक म्हणून रस्त्यावर ड्युटी करत होती. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडविरुद्ध दोन्ही गोल करून भारताला २०२६ च्या आशिया कपमध्ये नेणारी संगीता बासफोर हीसुद्धा मिडफिल्डर, आणि सशस्त्र सीमा बलात नोकरीला. आपल्याकडे मुलीचा फुटबॉल टिकतो तो असा, मागे काहीतरी आधार असला तर. पगार-नोकरी हा माझा प्रांत नाही. मी बोलणार आहे तो शरीराच्या आधाराबद्दल.

मुलाचा गुडघा सुजला की आई-वडील विचारतात, "परत कधी खेळेल?" मुलीचा सुजला की विचारतात, "डॉक्टर, हिचा फुटबॉल बंद करू का?" इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा फरक फारसा बदललेला मी पाहिलेला नाही. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक वेळा बंद करायचं काहीच कारण नसतं. ज्या कारणांसाठी मुली खेळ सोडतात, त्यातली बरीचशी तपासता येतात आणि दुरुस्तही करता येतात.

आधी रक्ताचं बघू. मिडफिल्डर म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्यामधली खेळाडू. बॉल कुठेही असो, तिला तिथे पोहोचायचं असतं. वरच्या पातळीवर ती एका सामन्यात साधारण दहा किलोमीटर धावते, तेही एका लयीत नाही. मध्येच जोरात, मध्येच थांबून, मध्येच उलटं वळून. स्नायूंना त्यासाठी ऑक्सिजन लागतो, आणि तो वाहून नेतं हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याहून जास्तच. ११ हिमोग्लोबिनवर कॉलेज, लोकल, घरकाम सगळं निभावून जातं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सेकंड हाफमध्ये मात्र ती मागे पडते. कोच म्हणतो स्टॅमिना नाही, घरचे म्हणतात हिला झेपत नाही. खरं तर तिला लोह कमी पडत असतं. हिमोग्लोबिन उतरण्याआधीच शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो, म्हणून सीबीसीबरोबर फेरिटिनही करून घ्या. गोळ्या सुरू झाल्या तर चहा तासभर लांब ठेवा. (आपल्याकडे गोळीपेक्षा चहा सोडवणं कठीण, हे मला माहीत आहे.)

दुसरी गोष्ट पाळीची. सराव वाढला आणि पाळी लांबली किंवा थांबली, की ‘बरं झालं, कटकट गेली’ असं ऐकू येतं. बरं काही झालेलं नसतं. धावण्यात जेवढी ऊर्जा जाते तेवढी पोटात जात नाही, तेव्हा शरीर काटकसर करतं आणि पहिली कात्री पाळीवर चालवतं. त्यापाठोपाठ हाडं कमजोर होतात, मग पायाच्या हाडाला बारीक चिरा जातात. संध्याकाळी सहाला मैदानावर जाणारी मुलगी दुपारच्या दोन पोळ्यांवर धावत असेल, तर आधी तिचा डबा वाढवा. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आणि गुडघा. यावर थोडं सविस्तर लिहितो. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचा एक दोरखंडासारखा अस्थिबंध असतो. तो पायाचं हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघा पिळवटू देत नाही. फुटबॉलमध्ये तो तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो. बऱ्याचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. पाय जमिनीत रुततो, अंग वळतं, आत ‘टक्’ असा आवाज होतो आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते, मुलगी चालू लागते, सगळे निश्चिंत होतात. पण वळताना गुडघा दगा देतो. एक्स-रे नॉर्मल येतो, कारण त्यात हाड दिसतं, अस्थिबंध नाही. तेव्हा तेल मालीश करत बसू नका. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, ते बहुधा एमआरआय सांगतील.

एसीएल तुटला म्हणजे करिअर संपलं का? स्पेनची मिडफिल्डर अलेक्सिया पुतेयास २०२१ ची जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. ५ जुलै २०२२ रोजी, युरो स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, सरावात तिचा एसीएल फाटला. शस्त्रक्रिया झाली, जवळजवळ दहा महिने ती खेळली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये स्पेनने विश्वचषक जिंकला तेव्हा ती संघात होती. तिच्यामागे बार्सिलोनासारखा क्लब होता, हे मान्य. पण त्या दहा महिन्यांत महत्त्वाचं काम होतं ते मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचे व्यायाम रोज, न कंटाळता करण्याचं. ते बोरिवलीतही करता येतं. आपल्याकडे ऑपरेशनसाठी पैसे उभे केले जातात आणि फिजिओथेरपी सहा आठवड्यांत सुटते. मग नऊ महिने पूर्ण व्हायच्या आत मुलगी कॉलेजच्या स्पर्धेत उतरते आणि गुडघा पुन्हा जातो.

हे टाळण्यासाठी फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा वॉर्म-अप आहे. १५ व्यायाम, सुमारे २० मिनिटं, उपकरण काही नाही. आठवड्यातून दोन-तीनदा नीट केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे. अडचण एवढीच, की उपनगरात टर्फ तासाच्या भाड्याने मिळतो आणि त्यातली २० मिनिटं वॉर्म-अपला द्यायला कोणी तयार नसतं. त्यावर उपाय आहे: टर्फ बाहेरच्या मोकळ्या जागेत, आधीचा गट खेळत असतानाच व्यायाम उरकून घ्या. आणि पावसाळी मैदानावरचे लांब स्टडचे बूट घालून टर्फवर उतरू नका. तिथे पाय अडकतो आणि गुडघा एकटाच वळतो.