प्रवासातील भाजीची शिदोरी

नर्मदा-परिक्रमेहून परतलेली मंडळी घाटांचे आणि आरत्यांचे वर्णन रंगवून सांगतात. स्वयंपाकाच्या टोपल्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. भगिनींनो, आज आम्ही त्याविषयीच चार शब्द लिहिणार आहोत. कारण तेथे आम्ही स्वतःच एकदा चुकलो आहोत.

सासूबाईंना घेऊन इंदूरहून बसने आम्ही परिक्रमेस निघालो. त्यांना मधुमेह, आणि बाहेरचे अन्न वर्ज्य. आदल्या रात्री आम्ही मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो, सारे धुऊन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधले. तिसऱ्या दिवशी पिशव्या सोडल्या, तो आत नुसता लगदा! पुढे कित्येक दिवस सासूबाई बटाटा-भातावरच राहिल्या. तक्रारीचा शब्द नाही. पण साखर वाढली, थकवा आला, आणि घाटाच्या पायऱ्या उतरवेनात. मैयाचे दर्शन त्यांनी बसच्या खिडकीतून घेतले. ते आम्हांस अजूनही बोचते.

दोष भाजीचा नव्हता. खुडलेली भाजीही श्वास घेत असते. तीतून ऊब आणि ओलावा सुटतो. कोंडली तर कुजते, वाऱ्यावर टाकली तर सुकते. म्हणून निघण्यापूर्वी भाजी धुऊ नये; माती झटकून, सडकी पाने काढून, बांबूच्या टोपलीत सैल भरावी. मुळा-गाजरांचा पाला कापून टाकावा, नाहीतर तो कंदातील पाणी ओढून घेतो. मिरच्यांचे देठ काढून त्या कोरड्या फडक्यात बांधाव्यात. पिकलेल्या टोमॅटो-केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो व शेजारची पालेभाजी पिवळी पडते. त्यांची टोपली निराळी असावी. कांदे-बटाटेही एकत्र नकोत. बटाट्यांवर गोणपाट घालून उजेड अडवावा, नाहीतर ते हिरवे व कडू होतात.

टोपलीवर ओले फडके टाकण्याची युक्ती माळव्याच्या कोरड्या हवेत उत्तम चालते. विमलेश्वराकडे समुद्राची दमट हवा लागली, की तेच फडके भाजी कुजविते. तेथे ते काढून घ्यावे.

खरी किल्ली क्रमात आहे. पहिले दोन दिवस पालेभाज्या; मग भेंडी, गवार, वांगी; नंतर कोबी, गाजर; आणि शेवटी सुरण व अखंड लाल भोपळा. भोपळा चिरला, की त्याच दिवशी संपवावा. शिवाय मटकी बरोबर असावी. रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली, की बसमध्येच मोड येतात. अमरकंटकच्या थंडीत मात्र एक दिवस अधिक लागतो.

पुढल्या खेपेस हे सारे पाळले. सोळाव्या दिवशी ओंकारेश्वरी शेवटचा भोपळा चिरला. त्या सकाळी सासूबाई आमचा हात धरून, एकेक पायरी उतरत, पाण्यापर्यंत गेल्या होत्या.