विश्लेषण : थकवा कामाचा की थायरॉइडचा? घरी काय तपासता येते?

रात्रभर झोपूनही अंग जड, केस गळतात, त्वचा कोरडी, शौचाला साफ नाही, इतरांना उकडत असताना थंडी वाजते. घरातल्या बाईने अशा तक्रारी केल्या की ‘दगदग झाली असेल’ म्हणून विषय संपवला जातो. मात्र त्यामागे मंदावलेली थायरॉइड ग्रंथी असू शकते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो.

घरी काय पाहाल?
आरशासमोर मान किंचित मागे झुकवा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठाच्या खालच्या भागाकडे पाहा. फुगवटा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. पण फुगवटा नाही म्हणजे ग्रंथी ठीक आहे, असे नव्हे. वजन, नाडीचे ठोके, पाळीतील बदल, आवाजातील घोगरेपणा यांची तारखेनुसार नोंद ठेवा. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

तापमानाची चाचणी खरी का?
सकाळी अंथरुणातून उठण्याआधी काखेत थर्मामीटर लावण्याची पद्धत अमेरिकी डॉक्टर ब्रोडा बार्न्स यांनी १९४२ मध्ये मांडली. समाजमाध्यमांवर ती आजही फिरते. परंतु शरीराचे तापमान झोप, पाळीचे चक्र आणि हवामानानुसारही बदलते. त्यामुळे निदानासाठी ही पद्धत भरवशाची मानली जात नाही.

मग निदान कसे होते?
रक्ताच्या टीएसएच चाचणीने. थायरॉइड मंदावली की तिला कामाला लावण्यासाठी पिट्युटरी ग्रंथी अधिक टीएसएच सोडते. ते वाढलेले आढळल्यास ‘फ्री टी-४’ तपासतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर चाचणीपूर्वी सांगा. त्यांमुळे अहवाल चुकू शकतो.

धोका कुठे?
लक्षणे जुळली म्हणून शेजारणीची गोळी सुरू करणे घातक आहे. गरज नसताना घेतलेल्या हार्मोनने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडे ठिसूळ होतात. अतिरिक्त आयोडीननेही ग्रंथी बिघडू शकते. उलट रक्तक्षय, मधुमेह, नैराश्य यांतही असाच थकवा येतो. म्हणजे थायरॉइड गृहीत धरल्यास खरा आजार मागे राहतो. गरोदर असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर लक्षणे दिसताच डॉक्टरांना भेटा. बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्या थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असते.

घरातील स्त्रीचा थकवा आठवडे उलटूनही हटत नसेल, तर ‘दगदग’ हे उत्तर पुरेसे नाही. तिची रक्ततपासणी करून घेणे ही सगळ्या घराची जबाबदारी आहे.