रजिस्ट्री झाली म्हणजे घर आपलं?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घर विकायला काढलं की भावाआधी एक प्रश्न येतो : "रजिस्ट्री झाली आहे ना?" मालक छाती ठोकून हो म्हणतो, आणि समोरचा निर्धास्त होतो. खरी गोची इथेच आहे. १९०८ च्या कायद्याने दुय्यम निबंधक विक्रीपत्राची नोंदणी करतो, मालकीची हमी देत नाही. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एन्ट्री सेव्ह होते, व्हॅलिडेशन होत नाही.

एरवी हे खपून जातं. पण पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल' नावाची एक जुनी भानगड आहे. मध्य प्रांताच्या महसूल दप्तरात झुडपांच्या, गुरं चारायच्या हलक्या जमिनींना हे नाव पडलं. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नावही सोबत आलं. पुढे १९८० चा वन संवर्धन कायदा झाला. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंदलेली जमीन, मालक कुणीही असो, जंगलच धरायची. तोवर चंद्रपूर-गडचिरोलीसह सहा जिल्ह्यांत अशा जमिनींवर शाळा, कचेऱ्या, वस्त्या उभ्या होत्या.

२२ मे २०२५ ला कोर्टाने यावर निकाल दिला. झुडपी जंगल हे जंगलच. १९९६ च्या त्या तारखेपर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जमिनी वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा. त्यानंतर वाटप झालं असेल तर ते कोणत्या अधिकाऱ्याने केलं, हेही सांगायचं.

आता समजा, तुम्ही पाच वर्षांपूर्वी लेआऊटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलंत. नोकरी पुण्याला गेली, घर विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं, इसारही झाला. मग त्याच्या बँकेच्या वकिलाने जुनं रेकॉर्ड काढलं आणि त्यात निघालं झुडपी! त्याचं कर्ज अडकलं, सौदा मोडला. तुमचा हप्ता मात्र चालूच.

जंगल वाचलंच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. ताडोबाच्या शेजारच्यांनी तरी वेगळं बोलू नये. माझा राग वेगळाच आहे. मुद्रांक शुल्क घेताना सरकारला ही जमीन चालते, घरटॅक्स घेताना चालते. अडचण निघाली की मात्र, "तुम्ही आधी बघायला हवं होतं!"

बघायचं कुठे? सात-बारा ऑनलाईन आहे, छान आहे. पण हे कोडं सुटतं १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात आणि निस्तार पत्रकात. जे दप्तर लावायला सरकारलाच दशकं लागली, ते सामान्य माणसाने एका रविवारी वाचावं, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. झुडपी नोंदीच्या सगळ्या सर्व्हे नंबरांची यादी सात-बाराच्याच साईटवर टाका, शेजारी वाटपाची तारीख लिहा. त्यातला नंबर विक्रीपत्रात आला की शुल्क घेण्याआधी सिस्टिमने थांबवावं. आदिवासी जमिनीचंही तसंच करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. गडचिरोलीत तर हे पहिल्या स्क्रीनवरच दिसायला हवं.

तोवर आपणच शहाणं व्हायचं. प्लॉट घेताना फक्त एनएचा आदेश बघून भुलू नका. भोगवटादार वर्ग १ की २ ते बघा, जुने फेरफार काढा, अधिकार अभिलेखाची नक्कल मागा, आणि बिल्डरच्या नव्हे तर स्वतःच्या वकिलाकडून सर्च करून घ्या. दोन-चार चकरा होतील, थोडे पैसे जातील. पण टाईल्स कोणत्या लावायच्या यावर आपण महिनाभर वाद घालतो. त्यातला एक आठवडा खालच्या जमिनीला द्यायला काय हरकत आहे?