नाव खोडलं, ओळख उरली

गेल्या वर्षी ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला एक एक्सेल फाइल पाठवली. क्षयरोगाच्या रुग्णांवर त्यांचं संशोधन चालू होतं आणि आलेख काढायला मदत हवी होती. फाइलमध्ये नावं नव्हती. वय, लिंग, पिनकोड, धर्म, व्यवसाय आणि उपचार सुरू झाल्याची तारीख, एवढेच रकाने. माझ्या गावाचा पिनकोड दिसला म्हणून सहज फिल्टर लावला. मुस्लिम स्त्रियांमध्ये एकच ओळ उरली: वय २६, उर्दू शाळेत शिक्षिका.

मी तिला लगेच ओळखलं. मोहल्ल्यात कुणालाच तिच्या आजाराचा पत्ता नव्हता. सगळ्यांची खबर ठेवणाऱ्या माझ्या अम्मीलाही नाही. तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. ती पूर्ण बरी झाली होती, पण टीबीचं नाव निघालं की पाहुणे परत फिरतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "पण नावं तर काढली आहेत ना!" मी त्यांना दोष देत नाही. दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करून मीही तेच समजत होतो. शिवाय, तो फिल्टर मीच लावला होता.

हा धोका नवा नाही. १९९७ साली अमेरिकेत लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांची, नावं काढून दिलेली उपचारांची माहिती घेतली आणि २० डॉलरला विकत मिळणाऱ्या मतदार यादीशी ती जुळवली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून तिने थेट राज्याच्या गव्हर्नरांचीच नोंद शोधून काढली.

दुसरी बाजू समूहाची आहे. अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई या छोट्या आदिवासी जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि जमातीचं मूळ शोधण्याच्या कामी वापरले गेले. २०१० मध्ये अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाला ७ लाख डॉलर द्यावे लागले आणि नमुने परत करावे लागले. लोकसंख्या जितकी कमी, तितकं लपणं कठीण. छोट्या गावातल्या आपल्या वस्तीलाही हे लागू पडतं.

मग संशोधनाला नकारच द्यायचा का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. आपण अभ्यासात नसलो तर आपले आजारही कुणाच्या हिशेबात येणार नाहीत. पण आपण दिलेली माहिती ही अमानत आहे आणि ती कशी सांभाळली जाते हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र संशोधनाला काही अटींवर सवलत आहे. म्हणून आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि संस्थेची नैतिकता समिती यांच्यावर मोठी भिस्त आहे. संमतिपत्र समजणाऱ्या भाषेत असावं आणि अभ्यासातून कधीही बाहेर पडता यावं, त्यामुळे उपचार थांबू नयेत, असं ही तत्त्वं सांगतात.

अम्मी, खाला किंवा दादीला दवाखान्यात असा कागद दिला, तर अंगठा उठवण्याआधी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चार प्रश्न विचारा. माहिती कोण पाहणार? ती दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का? धर्म, व्यवसाय, पूर्ण जन्मतारीख यांची गरज काय? तक्रार नैतिकता समितीकडे करायची तर नंबर कोणता?

आणि माझ्यासारखे जे डेटाचं काम करतात, त्यांनी फाइल उघडताच असे रकाने शोधावेत. त्या डॉक्टरांनी माझं ऐकलं. वयाचे गट केले, पिनकोडच्या जागी जिल्हा घातला, धर्म आणि व्यवसायाचे रकाने काढले, कारण त्यांच्या प्रश्नाला ते लागतच नव्हते. उपचाराच्या तारखेऐवजी फक्त वर्ष ठेवलं. जुनी फाइल आम्ही दोघांनी पुसून टाकली.

त्यांना हवे होते ते सगळे आलेख नव्या फाइलमधूनही निघाले.