जीपीआर : नुसती ट्रॉली ढकलू नका

ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार म्हणजे ट्रॉली ढकलायची आणि स्क्रीनवर पाइपची खोली वाचायची, असं आपल्याकडे सगळेच समजतात. मला हे मुळीच पटत नाही. (कॉन्व्हेंटवाली आहे, मराठी सांभाळून घ्या!) हे मशीन खोली मोजतच नाही. रेडिओ लहर पाइपवर आपटून परत यायला किती नॅनोसेकंद लागले, एवढंच ते मोजतं. खोली निघते आपण भरलेल्या डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवरून. हवेचा तो १, पाण्याचा ८० च्या आसपास. म्हणून माती भिजली की लहर मंदावते. समजा, वेळ आली २० नॅनोसेकंद. कॉन्स्टंट ९ धरला तर पाइप १ मीटरवर, २५ धरला तर ६० सेंटिमीटरवरच! उन्हाळ्यातलं सेटिंग पावसाळ्यात तसंच ठेवलं, की रिपोर्ट वाचून निर्धास्त खोदणाऱ्याची पहार थेट वीजवाहिनीवर. काळ्या चिकणमातीत तर लहर शोषलीच जाते. स्क्रीन कोरी दिसली म्हणून खाली काही नाही, असं नसतं.

व्हायव्हाला मात्र व्याख्याच विचारतात. त्यापेक्षा कॅम्पसमध्ये ठरावीक खोलीवर एक पाइप पुरा आणि कॉन्स्टंट आम्हालाच काढू द्या, एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये.